निशाणी: खाट

३ ऑक्टोबर १९५५, सकाळी

ठरलं. उभा राहणार.

काल खाली गावात चावडीवर नोटीस लागली. बोरठाण ग्रामपंचायतीची निवडणूक डिसेंबरात. आमच्या टेकडीच्या वॉर्डाला दोन जागा, एक साधी आणि एक बायकांची. बायकांच्या जागेला कुणी अर्जच भरत नाही. मग निवडून आलेले मेंबर आपसांत ठरवून कुणातरी बाईला घेतात. तो माझा विषय नाही. माझा विषय साधी जागा.

बेचाळीस साली मुंबईवर बॉम्ब पडणार म्हणून चार दिवसांसाठी इथे आलो. हवा दम्याला मानवली, राहिलो. तेरा वर्षं झाली. अजून सगळे मला 'पाव्हणं' म्हणतात. वरच्या वाडीचा म्हातारा धाकलू तर पोराबाळांनाही तेच शिकवतो. आदर आहे, नाही कशाला म्हणू? पण एकदा निवडून आलो की 'आमचे मेंबरसाहेब' म्हणतील. साहेब नाही म्हटलं तरी चालेल. त्यातलं 'आमचे' मला हवं आहे.

कुंदाला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. "बरं" म्हणाली आणि एक खडा काढून टाकला. उत्साह दाखवायची तिची पद्धतच नाही.

आजपासून पहाटे पाचला उठणे. दुपारची झोप बंद. तपकीर बंद.

४ ऑक्टोबर, दुपारी

उठायला सात झाले. धुकं फार होतं, पाच वाजलेत हे कळायला काही मार्ग नव्हता. जेवणानंतर जरा आडवा झालो, पण तो जाहीरनाम्याचा विचार करायला. डोळे मिटले की विचार नीट होतो. घोरत होतात, असं कुंदाचं म्हणणं.

तपकीर दोनदाच.

९ ऑक्टोबर

जाहीरनामा तयार. मुख्य कलम: बोरठाणचं महाबळेश्वर करणे. आज आपल्याकडे काय आहे? सात बंगले, तेही उन्हाळ्यात मुंबईची माणसं हवा खायला आली तरच उघडतात. एकही पॉइंट नाही! पॉइंटशिवाय हिल स्टेशन म्हणजे काय? मी तीन पॉइंट काढले आहेत. सनसेट पॉइंट, एको पॉइंट, आणि तिसऱ्याला लोकच नाव देतील. कुणाचं देतील ते इथे लिहीत नाही. बरं दिसत नाही.

संध्याकाळी पाहणी. सनसेट पॉइंटवर वाळू शेतकऱ्याच्या म्हशी बसल्या होत्या. त्यांच्या मागे सनसेट होत असावा. एको पॉइंटवर मोठ्याने "बोरठाण!" म्हणून ओरडलो. एको आला नाही. खालून आमची शेजारीण ठमाबाई ओरडली, काय झालं पाव्हणं, पडलात का? म्हणजे आवाज दरीत उतरतो हे सिद्ध झालं. परत चढताना तीन ठिकाणी बसावं लागलं. रस्त्याला बाकं हवीत. कलम वाढवलं.

१५ ऑक्टोबर

प्रतिस्पर्धी कळला. जनू! हसू आवरेना. जनू म्हणजे बदलापूर स्टेशनवरून बंगलेवाल्यांचं सामान आणणारा गाडीवाला. बेचाळीस साली आमच्या ट्रंकाही त्यानेच वर आणल्या. सही करताना जीभ बाहेर काढतो.

सकाळी स्वतःच आला. दारातच उभा राहून डोकं खाजवत म्हणाला, पाव्हणं, गाववाले मला उभा ऱ्हा बोलतात, तुमाला राग तर नाय ना? तुमी बोलाल तर मी फारम काढून घेतो. मी म्हटलं, अरे, लोकशाही आहे, खुशाल उभा राहा. मोठ्या मनाने परवानगी दिली. बिनविरोध निवडून येण्यात तरी काय शोभा? जाताना त्याने आमच्या गोठ्याचं मोडकं फाटक बसवून दिलं. कुंदा म्हणाली, चार महिने सांगतेय तुम्हाला. मी म्हटलं, निवडणुकीनंतर बघणारच होतो.

२२ ऑक्टोबर

निशाण्या वाटल्या. मी सिंह मागणार होतो. पोचायला उशीर झाला (उतारावर गुडघे धरतात). सिंह त्या कागदावर नव्हताच. सूर्य, बैलजोडी, नांगर, सगळं दुसऱ्या वॉर्डवाल्यांनी उचललेलं. जनूने कुदळ घेतली. माझ्या वाट्याला खाट.

आधी वाईट वाटलं. मग टेकडी चढताना लक्षात आलं, हवापालटाच्या गावाला खाटेहून चांगली निशाणी कुठली? आराम, आरोग्य, झोप! कुदळ म्हणजे काय, नुसते कष्ट. लोकांना कष्ट नको असतात.

कुंदाला सांगितलं तर पदर तोंडाला लावून हसली. अगदी जुळलं हो, म्हणाली. तिलाही पटलं म्हणजे झालं.

३० ऑक्टोबर

पावसाने टेकडीची वाट वाहून जाते. दसरा झाला की गावकी जमते, घरटी एक माणूस घमेलं घेऊन जातं आणि वाट बांधतात. उन्हाळ्याच्या आधी वरचा झराही असाच उपसतात. धाकलू खडकावर उभा राहून एकेका घराचं नाव पुकारतो. आमच्या घरातून दरवर्षी कुंदा जाते. मी पहिल्याच वर्षी सांगून टाकलं होतं, बाबांनो, मी चार दिवसांचा पाहुणा, मला या कामातलं काय कळतं? तेव्हापासून मला कुणी एका शब्दाने बोललं नाही. भली माणसं.

यंदा उमेदवार म्हणून जावं असं मनात होतं. पण हॅण्डबिलाचा मजकूर राहिला होता. शिवाय माती उडते, दमा. कुंदा गेली. संध्याकाळी कोपरापर्यंत चिखल घेऊन आली. सहज म्हणाली, पुकारताना आपल्या घराला 'कुंदावहिनीचं घर' म्हणतात. घर माझ्या नावावर आहे! निवडून आल्यावर हे पहिलं दुरुस्त करून घेणे.

६ नोव्हेंबर

उल्हासनगरला, कॅम्पात. लीलाराम कापडवाल्याकडे फलकाचं कापड घेतलं. हॅण्डबिलं त्याच्या भावाच्या छापखान्यात. लीलाराम सिंध सोडून आला तेव्हा अंगावरचे कपडे सोडून काही नव्हतं. आता दुकानात पाय ठेवायला जागा नाही. त्याने माणूस बरोबर ओळखला. म्हणाला, साईं, आप तो जीते हुए हो, सिर्फ़ गिनती बाकी है. 'विजयी उमेदवार' असा फलक आत्ताच रंगवून घ्या, नंतर पेंटर गर्दीत असतो, असं सुचवलं. घेतला. व्यवहारी माणूस.

निघताना कळलं, काल जनूही येऊन गेला. त्यालाही 'जीते हुए हो' म्हणाला असेल का? नाही. जनूने फक्त गोणपाट घेतलं म्हणे. घमेल्याखाली डोक्यावर धरायला.

१९ नोव्हेंबर

दिवाळी संपली. प्रचार सुरू. घरोघर जाणार. रोज पाच घरं.

आज दोन झाली. चढ फार आहे. पण स्वागत काय वर्णावं! वाळूकडे घोंगडी झटकून अंथरली. गुळाचा चहा. निघताना हातावर विडा. ठमाबाईकडेही तेच, वर पोह्यांची पुरचुंडी. सुपारी दिली म्हणजे शब्द दिला. इथल्या लोकांचं मन मला पाठ आहे.

२७ नोव्हेंबर

वरच्या वाडीत जनूचा प्रचार प्रत्यक्ष पाहिला. कीव आली. मला धाकलूने ओट्यावर बसवलं, पाणी दिलं, पंख्याने वारा घातला. तेवढ्यात जनू आला. त्याला कुणी बस म्हणालं नाही. धाकलूची म्हातारी म्हणाली, आलास ते बरं झालं, तेवढी लाकडं फोड. तो फोडत बसला! मग कुणाचं वासरू अडकलं होतं ते काढायला गेला. मताबद्दल अवाक्षर नाही. मी तासभर पॉइंटांची योजना समजावली. सगळ्यांनी माना डोलावल्या. विडा दिला.

जनूला हातावर पाणीसुद्धा नाही. माणसाची किंमत लोकांना बरोबर कळते.

खिशात सुपाऱ्या फार झाल्यात. कुंदा म्हणते, दुकान काढा.

४ डिसेंबर

जाहीर सभा, देवीच्या देवळापुढे. लोकांनी माझ्यासाठी मुद्दाम खाट आणून टाकली. निशाणीचा केवढा सन्मान! डोळे भरून आले. खाटेवर बसूनच बोललो, उभं राहिलं की धाप लागते. तासभर बोललो. धाकलू उठून म्हणाला, पाव्हणं बरं बोलले. टाळ्या.

मग सभा संपायला हवी होती. पण लोक कुंदाभोवती बसले. झऱ्याचं पाणी यंदा कार्तिकातच कमी कसं झालं, वरच्या अंगाला कुणी झाडं तोडली, बंगल्यांच्या टाक्या भरायला किती द्यायचं. अंधार पडेपर्यंत तेच. कुंदाला एवढं बोलता येतं हे मला ठाऊक नव्हतं. घरी 'बरं' म्हणते. मी खाटेवर वाट पाहत होतो. जरा डोळा लागला. कुणीतरी अंगावर घोंगडी घातली.

११ डिसेंबर

थकलो. खरंच थकलो. पोटऱ्या दगड झाल्यात, घसा बसलाय. आज एकाही घरी गेलो नाही. व्हरांड्यात बसून खालची नदी पाहिली. कशाला हवं होतं हे? साठीला आलेल्या माणसाने हवा खावी, पेपर वाचावा. ठमाबाई दूध घेऊन आली आणि म्हणाली, पाव्हणं, तोंड उतरलंय, जिवाला कशाला तरास करता?

त्या 'पाव्हणं'ने पुन्हा उठून बसलो. नाही. एकदा तरी हाक बदलली पाहिजे.

उद्यापासून पुन्हा पाच घरं. निदान तीन.

१८ डिसेंबर, सकाळी

मतदान. शाळेच्या खोलीत पडद्याआड दोन पेट्या. एकीवर खाटेचं चित्र, एकीवर कुदळीचं. ज्याला मत द्यायचं त्याच्या पेटीत कागद टाकायचा. पेट्या म्हणजे रॉकेलचे डबे कापून केलेले, फट दोन बोटं जातील एवढी. याबद्दल तक्रार करणार होतो, पण जिंकणाऱ्याने कुरकुर करू नये.

पहिलं मत माझं. मग कुंदाचं. कुणाला दिलंस विचारलं. मत गुप्त असतं, म्हणाली. मी हसलो. लाजते अजून.

दुपारी

रांग आहे. बाहेर येणारा प्रत्येक जण मला हात जोडतो. वाळू म्हणाला, पाव्हणं, तुमच्या पेटीत टाकलं बरं का. त्याच्या बायकोने, आईनेही तेच सांगितलं. धाकलू तर म्हणाला, अख्ख्या वाडीला बजावून ठेवलंय, पाव्हण्याची पेटी रिकामी ऱ्हाता नये. जनू बाहेर म्हाताऱ्यांना हाताला धरून पायऱ्या चढवतोय. त्याला कुणी काही सांगत नाही. बिचारा. पंचायतीत काहीतरी काम देईन त्याला.

संध्याकाळी

पेट्या सील केल्या. शिपायाने कुदळीची पेटी एका हाताने उचलली. माझी उचलायला दोन्ही हात लागले! आतून खडखडाट. मतपत्रिकेचा कागद जाड वापरलेला दिसतो. फलक काढून झटकून ठेवला. कुंदाला म्हटलं, उद्या गोड कर. ती म्हणाली, उद्याचं उद्या.

१९ डिसेंबर

माझी पेटी आधी उघडली. मीच विनंती केली होती.

अधिकाऱ्याने ती टेबलावर पालथी केली. सुपाऱ्या. गडगडत टेबलाखाली गेल्या. मग गुंडाळलेले विडे. झेंडूची फुलं. एक गुळाचा खडा, त्याला मुंग्या. मतपत्रिका शोधाव्या लागल्या. सात निघाल्या.

कुदळीच्या पेटीत नुसते कागद. दाबून भरलेले.

अधिकारी चिडला. हा काय प्रकार आहे, कुणी केला हा? धाकलू पुढे आला. म्हणाला, साहेब, पाव्हण्याच्या नावाची पेटी मांडली तर ती रिकामी कशी ठेवायची? घरी आलेल्याला आमी कधी रिकामा धाडला नाय. मी विचारलं, अरे, मग मत का नाही टाकलंत? आवाज चढला माझा. धाकलू गोंधळला. म्हणाला, मत म्हंजे काम लावनं ना? वाट, झरा, पानी, सगळं गळ्यात. पाव्हण्याला कुनी काम सांगतं काय? तुमीच तर बोललेले, चार दिवसांचा पाव्हणा, मला कामाला लावू नका.

सगळ्यांनी माना डोलावल्या. अगदी माझ्या भाषणाला डोलावल्या होत्या तशाच.

जनूने सुपाऱ्या गोळा करून माझ्याच उपरण्यात बांधून दिल्या.

२० डिसेंबर

उठलो नाही. वाईट वाटतंय. लिहायला कसली लाज, इथे कोण वाचणार आहे? फार वाईट वाटतंय. तेरा वर्षं.

कारणं: निशाणी वाईट मिळाली. डब्यांच्या फटी मोठ्या होत्या. लोक अशिक्षित.

तपकीर सुरू केली.

२ जानेवारी १९५६

सकाळी जनू, धाकलू, पंचायतीची आणखी माणसं अंगणात. मी खिडकीतून पाहिलं आणि समजलो. चूक उमगली यांना. घाईने कोट घातला, टोपी घातली, तपकिरीचे डाग झटकले, बाहेर आलो. या, या म्हटलं.

जनूने हात जोडले आणि माझ्या खांद्यावरून आत पाहत विचारलं, वहिनी हायेत काय?

बायकांच्या जागेवर कुंदाला घेतलं. सगळ्यांच्या एकमताने. कुंदा हात पुसत आली, ऐकलं, "बरं" म्हणाली. मला विचारलंसुद्धा नाही! ते गेल्यावर मी तसं बोललो. ती म्हणाली, तो तुमचा विषय नव्हता ना?

मग चहा दिला. आलं घालून. रागावलेली नव्हती.

९ जानेवारी

'विजयी उमेदवार' फलक सापडत नव्हता. कुंदाने उलटा करून त्यावर उडीद वाळत घातलेत. कापड चांगलं आहे, म्हणाली.

ठमाबाईने आज तिला हाक मारली: आमच्या मेंबरवहिनी! मी व्हरांड्यातच होतो. ऐकलं.

१२ फेब्रुवारी

आज झरा उपसायचा होता. कुंदाला कल्याणला मीटिंग. पहाटेच जनूच्या गाडीतून गेली. जाताना म्हणाली, आपल्या घराचं आज राहिलं तरी चालेल, मी सांगून ठेवते.

मी म्हटलं, सांगू नकोस. मी जातो.

थांबून पाहिलं तिने माझ्याकडे. मग घमेलं दारात काढून ठेवलं. वर गोणपाट घडी करून.

पाचला उठलो. पहिल्यांदाच.

झऱ्यावर सगळे जमले होते. धाकलूने पुकारलं, मेंबरवहिनीचं घर? मी म्हटलं, हजर. धाकलू खडकावरून उतरला, अवो पाव्हणं, तुमी कशाला? मी म्हटलं, कामाला. रांगेत उभा राहिलो. पहिलं घमेलं आलं, पुढे दिलं. दुसरं दिलं. गाळ थंडगार होता. तिसऱ्याला छातीत शिट्टी वाजायला लागली. चौथं हातातून वाळूने काढून घेतलं. हळूच घेतलं, लागणार नाही असं. तेवढ्यात कुणीतरी आंब्याखाली खाट आणून टाकली.

नको नको म्हणालो. पाय मात्र तिकडेच गेले.

रांग पुन्हा जुळली. माझ्या जागेवर ठमाबाई. मी बसून पाहिलं. गाळ निघाला, पाणी आधी लाल आलं, मग पांढरं, मग निवळ. सगळे ओरडले. मीही ओरडलो, खाटेवरून.

निघताना वाळूची नवी सून चंद्री चहा घेऊन आली. याच थंडीत लग्न होऊन आली आहे, मला ओळखत नाही. पदर सावरून तिने हातावर विडा ठेवला आणि रीतीप्रमाणे विचारलं, पाव्हणं, कधीपरयंत हायात?

चिखलाने भरलेले हात पाहिले. तेरा वर्षं म्हणणार होतो. तोंडात विडा होता.

म्हटलं, आहे अजून चार दिवस.

ती म्हणाली, ऱ्हावा की. घाई कुठं हाय?